शाल, श्रीफळ आणि सातवं गाणं

‘हे कुठल्या पिक्चरमधलं?’ हा प्रश्न मला आयुष्यात जितक्या वेळा विचारला गेलाय तितक्या वेळा माझं नावही कुणी विचारलेलं नाही. मोबाइलच्या दुकानात विचारला, एसटीत विचारला, मुलगी बघायला गेलो तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी विचारला. कुठल्याच पिक्चरमधलं नाही असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. पिक्चर नाही, हिरो नाही, मग गाणं आलं कुठून? चार माणसांनी एका खोलीत बसून स्वतः लिहिलं, स्वतः चाल लावली, स्वतःच रेकॉर्ड केलं आणि स्वतःच विकलं, हे बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मला अजून कुणाला पटवून देता आलेलं नाही. मी ठिबक सिंचनाच्या दुकानात काम करतो. पाइप कुठून कुठं न्यायचा हे मी कितीही हट्टी माणसाच्या गळी उतरवतो. हे मात्र जमत नाही.

खरं तर आमच्या घरात हा प्रश्न कुणाला पडायचा नाही. वडील निरवांगीत गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीला पार्टी जी गाणी म्हणायची ती पार्टीतल्याच कुणीतरी लिहिलेली असायची, चाल त्यांचीच, कोरसही त्यांचाच. त्यामुळं गाणं माणसं करतात, हे मला आणि अक्काला लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या पार्टीची एक गोष्ट मला तेव्हाही डोक्यात जायची. ऐन कडव्यात वडील पेटी थांबवायचे आणि गाणारा पुकारायचा, अमुक अमुक यांच्याकडून पार्टीला सप्रेम भेट. मग टाळ्या, मग पुन्हा पहिल्यापासून कडवं. मी एकदा वैतागून विचारलं, “आबा, गाणं मधीच का थांबवता?” वडील म्हणाले, “नाव घ्यावं लागतंय. नाव घेतलं की त्येला गाणं आपलं वाटतंय.” मला हे उत्तर साफ खोटं वाटलं. नाव पुकारलेला माणूस पुढचं कडवं ऐकत नसे, इकडंतिकडं बघत बसलेला असे, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तर बँड. तो मला सापडला नाही, अक्काला सापडला. अक्का म्हणजे माझी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. इंदापूरच्या कॉलेजात असताना ती एका शिबिरासाठी पुण्याला गेली. बाकीच्या मुली येताना चपला आणि कानातली घेऊन आल्या, ही एक सीडी घेऊन आली. शिबिराच्या शेवटच्या दिवशी चार जण येऊन दोन गाणी वाजवून गेले होते आणि जाताना पिशवीतून सीड्या विकत होते, एवढीच माहिती तिच्याकडं होती. जाड खाकी पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर ठशानं छापलेली विहीर, आत हातानं लिहून झेरॉक्स काढलेली गाणी. एकूण नऊ. पुठ्ठ्याला खळीचा वास येत होता. घरात सीडी लावायला काहीच नव्हतं, तरी आम्ही तो झेरॉक्सचा कागद दोन दिवस वाचत होतो.

इंदापूरला स्टँडजवळ मेमरी कार्डात गाणी भरून देणारा एक जण बसायचा. त्यानं सीडी उलटीपालटी करून पाहिली, कुठल्या पिक्चरची ते विचारलं आणि उत्तर ऐकून नऊ गाणी ‘इतर’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली. त्याच्याकडं लग्नाची, देवाची, दर्दभरी, डीजे असे कप्पे होते आणि शेवटी हा इतर. त्यात दोन पाळणे, एक विनोदी भाषण आणि आमचा अल्बम. तो शब्द मला आजही झोंबतो. इतर म्हणजे काय? जे कुणाला नको ते?

सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निरवांगीहून इंदापूरला जायचो. ती दुसऱ्या वर्षाला, मी अकरावीला. फोन एकच, तिचा. इअरफोनचा डावा तिच्या कानात, उजवा माझ्या. डाव्याची वायर तुटली होती, तिला अक्कानं जखमेला लावायची चिकटपट्टी गुंडाळली होती. पहिली सहा गाणी धावत्या गाडीत ऐकू यायची. सातवं यायचं नाही. त्यात फक्त गायिकेचा आवाज होता आणि मागं कुणीतरी पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजवत होतं. एक बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घालते आणि प्रत्येक कपड्याशी ज्याचा तो आहे त्याच्याबद्दल बोलते, असं ते गाणं. पाच मिनिटांत कपडे संपतात. पुढची तीन मिनिटं ती नुसती गुणगुणते, शब्द नाहीत. एसटीच्या इंजिनपुढं त्या गुणगुणण्याची काय कथा.

निमगाव केतकीला ड्रायव्हर इंजिन बंद करून चहाला उतरायचा. तेवढ्यात आम्ही सातवं लावायचो. गाणं आठ मिनिटांचं. ड्रायव्हरचा चहा कधी सहा मिनिटांचा, कधी दहा. लवकर आला की गुणगुणणं गेलं. बाजाराच्या दिवशी तर सगळंच गेलं, कारण पाट्या आणि पोती घेऊन माणसं चढायची आणि दारातच भांडणं व्हायची. पूर्ण गाणं महिन्यातून चार-पाच वेळा मिळायचं. मिळालं की अक्का इअरफोन काढून मांडीवर ठेवायची आणि पुढचं आठवं गाणं लावू द्यायची नाही. एकदा म्हणाली, “ह्या बाईला एकदा म्होरं बसून ऐकायचं. नुसतं हे एकच गाणं. बाकी काय न्हाय.”

अक्काचं लग्न कोऱ्हाळे बुद्रुकला झालं. सीडी तिनं मला दिली नाही, सोबत नेली, साड्यांच्या खाली ठेवून. सासर चांगलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दाजी कारखान्यात पाळीनं जातात, घरी ऊस आहे आणि पाच गाई आहेत. त्या गाईंबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यांना अक्काचाच हात लागतो. दुसरं कुणी धारेला बसलं की पान्हा सोडत नाहीत, लाथ मारतात. त्यामुळं सकाळी सहा आणि संध्याकाळी सात या दोन वेळांना माझी बहीण गोठ्यात असते. लग्न असो, बारसं असो, ती जाते आणि धारेला परत येते. पुण्याला शो बघायला जाणं या हिशेबात कुठं बसणार? दोनदा तिनं ठरवलं होतं. एकदा गाय व्यायला झाली, एकदा सासूबाई विचारू लागल्या की कार्यक्रम म्हणजे नक्की कशाचा, आणि अक्काला सांगता येईना. कीर्तन नाही, लग्न नाही, मग काय? इतर.

मी मात्र जात राहिलो. बारामतीत नोकरीला लागल्यापासून त्या बँडचे पुण्यातले नऊ शो मी पाहिले. पहिला एका गच्चीवर होता. पन्नासेक माणसं, चपला जिन्यात काढलेल्या, खाली सतरंज्या. गायिका इतकी जवळ बसली होती की तिच्या पायातली जोडवी दिसत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला गाण्याआधी श्वास घेताना ऐकलं. शेवटचं गाणं सोडून मला एसटीसाठी उठावं लागलं आणि सगळ्यांच्या गुडघ्यांवरून उड्या मारत मी बाहेर पडलो. नऊपैकी सहा शोंचा शेवट मी ऐकलेला नाही. मंचर, सासवड, हडपसर इथून आलेली पोरंही अशीच उठायची. पुण्यातली बसून असायची आणि गप्पा मारायची. हे मला अजून समजलेलं नाही. ज्याला घरी जायला दहा मिनिटं लागतात तो माणूस तिकीट काढून येतो आणि गाणं चालू असताना मित्राला फ्लॅटचं भाडं सांगत बसतो. एकदा मी वळून एकाला गप्प बस म्हणालो, तर म्हणाला, काका, चिल. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो.

नऊ शोंमध्ये सातवं गाणं त्यांनी एकदाही वाजवलं नाही. विचारलं तर गायिका म्हणाली, ते फार हळू आहे, लोक बोलायला लागतात. मी घरी येऊन अक्काला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “खरंय तिचं. इंजन बंद करावं लागतंय.”

मग मी ठरवलं, बँडला बारामतीतच आणायचं.

हे कसं जुळवलं त्याची कथा सांगत नाही, त्यात माझं दीड वर्ष गेलं. मुख्य गोष्ट अशी की बँड तयार झाला, फक्त जाण्यायेण्याच्या गाडीभाड्यावर. गायिकेला मी अक्काची सगळी हकिगत लिहून पाठवली होती. निमगाव केतकी, चहा, चिकटपट्टी, गाई, सगळं. तिचं उत्तर आलं, की तुमच्या बहिणीसाठी आम्ही सातवं गाणं वाजवू आणि तेच पहिलं वाजवू, म्हणजे त्यांना वेळेत निघता येईल. तो मेसेज मी अक्काला वाचून दाखवला. तिनं फोनवर पहिल्यांदा वेळ विचारली. मग ती म्हणाली, “मी स्कुटीवर येते. सहाला निघाले की धारंला पोचते. सहाच्या पुढं एक मिनिट जमायचं न्हाय बघ.”

हॉलसाठी मी एका सांस्कृतिक मंडळाकडं गेलो. अध्यक्षांच्या ओळखीनं एक मंगल कार्यालय चार ते सात या वेळेत फुकट मिळालं, सातनंतर तिथं कुणाची तरी हळद होती. अध्यक्ष म्हणाले, “आपण कार्यक्रम जोरात करू. फक्त सुरुवातीला थोडा सत्कार ठेवू.” मी मान डोलावली. या ‘थोडा’वर मी विश्वास ठेवला. इथं जन्मून, इथं वाढून, इथल्या शेकडो कार्यक्रमांना बसून ठेवला. याला मूर्खपणाशिवाय दुसरं नाव नाही.

त्या दिवशी मी दुपारी दोनला पोचलो तर फ्लेक्स लागला होता. त्यावर अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, प्रमुख पाहुणे गॉगल लावून होते, आणि खालच्या कोपऱ्यात पासपोर्टएवढ्या चौकटीत चौघंजण होते ज्यांना वाजवायचं होतं. स्टेजवर ड्रम मांडून झाले होते. तेवढ्यात पाहुण्यांचे सोफे आले, म्हणून ड्रम मागं सरकवले. आणखी सोफे आले, ड्रम पडद्याला टेकले. साउंडवाल्यानं माइकला एको लावला होता. मी काढायला सांगितला. तो म्हणाला, “एको काढला तर भाषण उठत न्हाय.” मी म्हणालो, भाषण नाही, गाणं आहे. तो समजुतीनं हसला आणि एको थोडा वाढवला.

अक्का साडेतीनला आली. स्कुटीवरून आल्यामुळं केस विस्कटलेले, तरी गजरा होता. तिसऱ्या रांगेत मधोमध बसली. मी शो रेकॉर्ड करतो, त्यासाठी माझ्याकडं हातात मावेल असं एक यंत्र आहे. तेवढी चांगली जागा दुसरी नव्हती म्हणून मी ते तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, लाल दिवा आहे तोवर चालू आहे, हात हलवू नकोस, आवाज येतो. तिनं ते दोन्ही हातांत धरलं आणि मांडीवर ठेवलं.

चार वाजले. पाहुणे आले नाहीत. साडेचारला निवेदकानं, म्हणजे एका शाळेतल्या सरांनी, पाहुणे नीरेच्या अलीकडं आहेत असं जाहीर केलं. पावणेपाचला पाहुणे आले. मग प्रतिमापूजन. मग दीपप्रज्वलन, त्यात पंख्यानं वात तीनदा विझली. पंखा बंद करायचं कुणाला सुचलं नाही, काडी प्रत्येक वेळी नव्या हातात देण्यात आली. मग सन्माननीय व्यासपीठाचा परिचय. मग सत्कार. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि फेटा. फेटे बांधणारा कारागीर खास आणला होता आणि तो कामात चोख होता, म्हणजे सावकाश होता. पाहुण्यांचे झाले, मंडळाच्या सभासदांचे झाले, कार्यालयाच्या मालकांचे झाले, मग मालकांच्या भावाचे, कारण तो दारात उभा दिसला. मग बँडचे. ड्रम वाजवणाऱ्याचा फेटा त्याच्या भुवयांवर आला होता आणि त्याला तो वर सरकवायचा धीर होत नव्हता. गायिका नारळ हातात घेऊन उभी होती. तो कुठं ठेवायचा हे तिला कुणी सांगत नव्हतं.

मी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझी कानशिलं तापली होती. पाच वीस. पाच तीस. पाहुणे बोलायला उठले आणि म्हणाले की मला संगीतातलं काही कळत नाही, आणि त्यावर ते दहा मिनिटं बोलले. मी अक्काकडं पाहिलं. ती शांत बसली होती, यंत्र जसंच्या तसं मांडीवर. माझी नजर गेल्यावर तिनं डोळ्यांनीच विचारलं, कधी? मी हातानं सांगितलं, झालंच.

पाच चाळीस झाले आणि पाहुणे बसले. आता बँड. अजून वीस मिनिटं होती, गाणं आठ मिनिटांचं. जमत होतं, नीट जमत होतं. आणि निवेदक सर म्हणाले, “या संपूर्ण कार्यक्रमाचे शिल्पकार, ज्यांचा सत्कार केल्याशिवाय आपण पुढं जाऊच शकत नाही…” आणि माझं नाव पुकारलं.

मी नको नको म्हणालो. नको म्हणणं हाही त्या पद्धतीचाच भाग आहे, त्यामुळं कुणी लक्ष दिलं नाही. दोघांनी दंडाला धरून वर नेलं. शाल घातली, नारळ दिला, फेटा बांधायला घेतला. सर म्हणाले, “दोन शब्द बोला.” मी माइक हातात घेतला तो एवढंच म्हणायला की कृपया गाणं सुरू करू या. देवाशपथ एवढंच. पण मी तोंड उघडलं आणि तो एको आला. माझा आवाज भिंतीवर जाऊन मोठा होऊन परत आला आणि समोरचे दोनशे लोक गप्प झाले. माझ्यासमोर दोनशे लोक कधी गप्प झाले नव्हते. दुकानात नाही, घरात नाही, कुठंच नाही.

मी बोललो. सत्कारावर बोललो. आपल्याकडं वाजवायला आलेल्या माणसाच्या हातात आधी नारळ देतात म्हणून बोललो. कुठल्या पिक्चरमधलं, या प्रश्नावर बोललो. इतर नावाच्या फोल्डरवर बोललो, एकोवर बोललो, फ्लेक्सवरच्या गॉगलवर बोललो, आणि गंमत अशी की गॉगलवाले पाहुणे सगळ्यांत मोठ्यानं हसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की मला आणखी आठवायचं. वीस वर्षांचं साठलेलं होतं, ते सगळं सुचत होतं आणि नीट वाक्यांत सुचत होतं. मला बरं वाटत होतं. हे कबूल करायलाच हवं, मला फार बरं वाटत होतं.

शेवटी मी एसटीवर आलो. निमगाव केतकी सांगितलं, चहा सांगितला, चिकटपट्टी सांगितली. हॉल अगदी शांत झाला. मी म्हणालो, “माझी बहीण फक्त एक गाणं ऐकायला कोऱ्हाळ्याहून आली आहे. ती बघा, तिथं तिसऱ्या रांगेत बसली आहे.” आणि मी हात केला.

दोनशे माना वळल्या. तिसऱ्या रांगेत मधोमध हिरव्या साडीतल्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर माझं यंत्र, दोन्ही हातांत धरलेलं. त्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, सहा वाजून चार मिनिटं झाली होती.

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या हातातला माइक सरांनी केव्हा काढून घेतला ते कळलं नाही. “अशा भगिनीचा सत्कार झालाच पाहिजे,” ते म्हणाले, “ताई, या, वर या.” बाई नाही नाही म्हणाल्या. पण नको म्हणणं हाही पद्धतीचा भाग, हे मी मघाशी सांगितलंच. दोघींनी त्यांना उठवलं. त्या स्टेजवर आल्या, अध्यक्षांच्या पत्नीनं त्यांना कुंकू लावलं, पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला. बाई माझ्याकडं बघत होत्या की मी काहीतरी बोलेन. मी बोललो नाही. एकवीस मिनिटं बोलणारा माणूस, मला ‘या त्या नव्हेत’ एवढे तीन शब्द बोलता आले नाहीत. एवढ्या लोकांत सरांचं हसं होईल, बाईंना अवघड होईल, असलं काहीतरी डोक्यात आलं. मी टाळ्या वाजवल्या.

मग बँडनं सातवं गाणं सुरू केलं. गायिकेनं त्या बाईंकडं बघून मान लववली आणि ते त्यांना म्हटलं. हॉलमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. आमची माणसं शेवटच्या गुणगुणण्यापर्यंत गप्प बसली, पुण्यातल्यासारखी नाही, मोबाइलसुद्धा खाली ठेवून. मी फेट्याचं एक टोक खांद्यावर घेऊन बाजूच्या दाराकडं बघत उभा होतो. बाहेर जिथं स्कुटी होती तिथं आता हळदीवाल्यांचा टेम्पो लागत होता. आणखी तीन गाणी झाली आणि पावणेसातला कार्यालयाचे मालक घड्याळ दाखवायला लागले.

सामान आवरताना गायिका म्हणाली, तुमच्या बहिणीला भेटून छान वाटलं. मी हो म्हणालो. हिरव्या साडीच्या बाई दारात थांबल्या होत्या. त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं आणि पुष्पगुच्छही दिला. “त्या म्हनल्या हुत्या हात हलवू नका,” त्या म्हणाल्या, “मी वर स्टेजवरबी तसंच धरलं हुतं. ही फुलं त्यांची, त्यास्नी द्या.” लाल दिवा अजून चालू होता.

त्या आठवड्यात मी सगळ्यांवर चिडलो. अध्यक्षांवर, सरांवर, फेटेवाल्यावर, गाईंवर. अक्कावर सुद्धा. फोन करून म्हणालो, दहा मिनिटं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? ती म्हणाली, “गाई थांबत न्हाईत रं.” मग म्हणाली, “लई चांगलं बोललास पण. मला वाटलं न्हवतं तुला एवढं बोलता येत आसंल.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता. रेकॉर्डिंग पाठव म्हणाली, सातवं गाणं ऐकते. मी म्हणालो, आधी साफ करून घेतो, सुरुवातीचं भाषणबिषण कापतो आणि मग पाठवतो.

कापायला बसलो तेव्हा कान लावून ऐकलं. माझं भाषण स्पीकरमधून येत होतं, लांबून, एकोसकट. पण यंत्र अक्काच्या मांडीवर होतं, त्यामुळं तिच्याजवळचं सगळं स्पष्ट आलं होतं. बांगडीचा आवाज, खोकला. माझ्या भाषणाच्या आठव्या मिनिटाला शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, “किती बोलतंय हे. कवा संपायचं?”

अक्का म्हणाली, “माझा धाकटा हाय. बोलू द्या. घरात त्येचं कुणी ऐकत न्हाय.”

मग लांबून टाळ्या, पुन्हा मी. मग बराच वेळ मीच. सोळाव्या मिनिटाला पुन्हा तिचा आवाज. “बाई, एवढं धरता का? हात तेवढा हलवू नका. लाल दिवा हाय तवर चालूच हाय.”

“आन् तुमी? गाणं न्हाय ऐकायचं?”

“पाठ हाय मला,” अक्का म्हणाली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग चपलांचा, दारापर्यंत. त्यानंतर मी आणखी पाच मिनिटं बोलत होतो. त्यात मी आपल्याकडं कुणाला ऐकायची सवय नाही असं म्हणतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि मग मी म्हणतो की माझी बहीण तिथं तिसऱ्या रांगेत बसली आहे. यंत्राजवळ त्या बाई अगदी हळू म्हणतात, “गेली की ती.”

कापायचं कुठून ते मला ठरवता येत नाही. अक्का दर आठवड्याला विचारते, साफ झालं का. मी म्हणतो, होईल.